लघुशंकेचं निरसन

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार शब्दशः घ्यावा. रविवारपासून माझी कंबर धरली आहे आणि मी जमिनीवर पालथा पडून हे लिहितो आहे, तेव्हा आठही अंगं आपोआपच टेकलेली आहेत.) तुझे गुडघे काय म्हणतात? ताईचं बाळ रात्री झोपू देतं का, आणि देत नसेल तर ते कुणाच्या वळणावर गेलं आहे, याचा दोन्ही घरांत निकाल लागला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे मी सोडून. काका मात्र इतके बरे आहेत की त्यासाठीच हे पत्र लिहावं लागतं आहे. फोन केला असता, पण फोन लावला की काका शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवतात. शिवाय विषय असा आहे की तो भाच्याने मावशीला तोंडाने सांगू नये. लेखी सांगावा की नाही, याबद्दलही मी साशंकच आहे. तू बसून वाच, आणि ताईच्या सासूबाई खोलीत असतील तर मोठ्याने वाचू नकोस.

तू ताईच्या बाळंतपणासाठी निघालीस आणि काकांना आमच्या हवाली केलंस, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या होत्या. ही म्हणाली, पाहुण्याचं करायला लागणार मला आणि उकळ्या यांना. पण तिला काय कल्पना, लहानपणापासून आम्हा भावंडांसाठी काका म्हणजे कोण होते! काका लष्करी विमानं बनवतात आणि त्याबद्दल विचारायचं नाही, एवढं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तूच ओठांवर बोट ठेवायचीस. आकाशातून विमान गेलं की काका मान वर करायचे, डोळे बारीक करायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"वर मी अख्खी शाळा काढली. तिरक्या पंखांची कल्पना आमच्या काकांचीच, पण हे कुणाला सांगू नका, असं मी वर्गात सांगून ठेवलं होतं. (कुणाला सांगू नका म्हटल्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत ते शिपायालाही कळलं होतं.) मी विज्ञानकथांच्या नादी लागलो तोही काकांमुळेच. तू त्यांना "ती उडत्या तबकड्यांची पुस्तकं" म्हणतेस, पण माझ्या मते प्रत्येक तबकडीत कुठेतरी काका बसलेले असत.

तर आता आमच्या मंडळाबद्दल. आम्ही चौघं विज्ञानकथावेडे दर रविवारी एका दंतवैद्याच्या दवाखान्यात जमतो. दंतवैद्य अध्यक्ष, कारण जागा त्यांची. दुसऱ्या, भूमितीच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. तिसरे विमा एजंट, ज्यांना कुठल्याही कथेत माणसं किती मेली हे आधी हवं असतं. चौथा मी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेणारा. आम्ही चौघं मिळून एक कादंबरी लिहितो आहोत. परक्या ताऱ्यावरून शत्रू येणार, आणि त्याला अडवायला एक लढाऊ विमान वातावरणाच्या कडेला चौदा तास घिरट्या घालत राहणार. दोन वर्षं झाली, कादंबरीचा पहिला शब्द पडलेला नाही, कारण विमानच तयार होत नाही. बाईंना पंख पुढे झुकलेले हवेत, विमान चपळ वळतं म्हणून. दंतवैद्य म्हणतात, त्या वेगात असले पंख पीळ खाऊन मुळासकट निघतील, अक्कलदाढेसारखे. मी म्हणतो, एवढ्या वेगात पत्रा तापून फुगणार, तेव्हा जोड आधीपासून सैल ठेवा. एजंट म्हणतात, जोड सैल ठेवले की जमिनीवर उभ्या विमानातून इंधन गळणार, आणि गळक्या विमानाचा विमा मी मेलो तरी उतरवणार नाही. मग चहा येतो, आणि आम्ही पुढच्या रविवारपर्यंत उठतो.

अशा ठिकाणी मी काकांना घेऊन गेलो. मंडळाला मी वर्षानुवर्षं काकांबद्दल सांगत आलेलो (कुणाला सांगू नका, या अटीवर). दंतवैद्यांनी त्यांना रुग्णाच्या खुर्चीत बसवलं, कारण दवाखान्यात सन्मानाची अशी ती एकच खुर्ची आहे. बाईंनी भिंतीवर आराखडा लावला. काकांनी पंख पाहिले आणि "हं" म्हणाले. इंजिन पाहिलं आणि "हं" म्हणाले. रडारला दिसू नये म्हणून बाईंनी विमानाच्या कडा कशा कोनात कापल्या आहेत ते पाहिलं, तेव्हा "हं" जरा लांब निघालं आणि बाई चक्क लाजल्या. मला तर आकाश ठेंगणं झालं. मग काका खुर्चीतून उठले, आराखड्याजवळ गेले आणि वैमानिकाच्या कोठडीवर बोट ठेवलं.

"इथे आत माणूस आहे ना?"

"आहे की," बाई म्हणाल्या. "एकच. चौदा तास."

"मग त्याच्या लघुशंकेचं काय?"

मावशी, आमच्या मंडळात आजवर केवढ्या मोठमोठ्या शंका निघाल्या! काळ उलटा वाहतो का, परक्या ताऱ्यावर नीती असते का, सगळ्या निघाल्या. लघुशंका कुणी काढली नव्हती. दंतवैद्य खाकरून म्हणाले, कथेतली पात्रं असल्या गोष्टींना जात नाहीत. एजंट खुदकन हसले. मी काकांची बाही ओढली. पण काकांनी रुग्णाच्या गळ्यात बांधतात तो कागदी रुमाल घेतला आणि त्यावर भराभर काढायला सुरुवात केली. नरसाळ्याच्या तोंडाचा कोन, नळी कुठून कशी वळवायची, वर हवेचा दाब कमी म्हणून झडप कुठे, बाहेरच्या गारठ्यात आत बर्फ धरू नये म्हणून तारेचं वेटोळं कुठे. रेघ अशी की बाईंनी श्वास रोखून धरला. दंतवैद्यांनी विचारलं, तुम्हाला या बाबतीत एवढी बारीक माहिती कशी? तर काका मान वर न करता म्हणाले, "मी हेच केलं. नोकरीभर. दुसरं काही नाही."

तुला हे वाचताना जे होत असेल ना, तेच मला तिथे उभ्या उभ्या झालं. कुणीतरी लिफ्टचा दोर कापावा आणि मी मजल्यामागून मजले खाली जात राहावं, तसं. पंख नाहीत, इंजिन नाही, क्षेपणास्त्रं नाहीत. आमच्या अख्ख्या बालपणावर ज्यांची सावली पडली होती, ते काका लष्करी विमानातलं... तू समजून घे.  घरी येऊन हिला सांगितलं तर ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसली, पाणी पिऊन पुन्हा हसली आणि मग ठसका लागून रडली.

रात्री जेवताना मी न राहवून विचारलं, की मग ते गुपित, ते देशाचं, ते काय होतं? काका शांतपणे म्हणाले, गुपित कधीच नव्हतं. तुला बघायला आले तेव्हा तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, विचारलं की विमानात तुम्ही नेमकं काय बनवता? समोर तू बसलेली. काका लाजेने म्हणाले, "ते सांगता येत नाही." आजोबा ताडकन उठून त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, शाब्बास, असाच माणूस हवा! आणि लग्न ठरलं. पुढे उलगडा करायचा तर तू सगळ्या गोतावळ्याला ओठांवर बोट ठेवायला शिकवून मोकळी झालेली. (मावशी, तुझा संसार एका गैरसमजावर उभा आहे हे मी तुला कळवतो आहे. पाणी पी.)

पण मला धक्का बसला होता आणि धक्का बसलेला माणूस वाईट बोलतो. काका समजावत होते की हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लढाऊ विमान झटक्यात वळतं तेव्हा माणसाचं वजन कित्येक पट होतं, रक्त पायांकडे ओढलं जातं, आणि अंगात पाणी कमी असेल तर डोळ्यांपुढे अंधार येतो. म्हणून वैमानिकाने पाणी प्यायला हवं. आणि पाणी प्यायचं तर पुढची सोय हवी. "माझ्या नळीबद्दल कधी एक तक्रार आली नाही," ते अभिमानाने म्हणाले. त्यावर मी, ज्याच्या पोटापाण्याचा धंदाच तक्रारींचा, तो पटकन बोलून गेलो, की काका, तक्रार येत नाही म्हणजे लिफ्ट बरी आहे असं नसतं. कधीकधी लोक जिन्याने जायला लागलेले असतात.

काकांनी हातातला घास ताटात ठेवला.  दुसऱ्या दिवशी "हं"सुद्धा नाही. विमान गेलं तरी मान वर नाही. कपड्यांच्या घड्या घालून बॅग भरायला लागले, म्हणे आपल्या घरी जातो, कुलूप उघडून राहतो एकटा. तेव्हा ही त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि तिला त्यांनी जे सांगितलं ते तुलाही त्यांनी कधी सांगितलेलं नाही. कुठल्याशा समारंभात एक तरुण वैमानिक त्यांना हसत हसत म्हणाला होता, "साहेब, तुमची ती नळी आम्ही पिशवीतून काढतसुद्धा नाही. आम्ही आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही." काही महिन्यांनी त्याच पोराची एका वळणात शुद्ध हरपली. तो वाचला, विमानही वाचलं, पण त्याला पुन्हा उडू दिलं नाही. काकांनी त्यानंतर ती नळी पुन्हा पुन्हा नव्याने केली. पण वापरणारंच कुणी नाही, तर काय चुकतंय हे सांगणार कोण? ते हिला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने बरोबर ओळखलं. सगळे जिन्यानेच जात होते." हिने बाहेर येऊन माझ्याकडे असं पाहिलं, की मी उभ्या जन्मात इतका शरमलो नव्हतो.

मग मी काकांपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, मी बसतो. चाचणीला. नळी बनवा.

रविवारी दवाखान्यात जय्यत तयारी झाली. दातांची खुर्ची म्हणजे वैमानिकाचं आसन, वरचा दिवा म्हणजे सूर्य. क्ष-किरणाच्या वेळी अंगावर घालतात तो शिशाचा जड झगा माझ्यावर घातला, वळणात वजन वाढतं ते जाणवावं म्हणून. डोक्यावर एजंटांचं हेल्मेट, आणि बांधायला बॅगांचे पट्टे. नरसाळं आमच्या तेलाच्या डब्यावरचं (हिला न विचारता, ते प्रकरण घरी वेगळं चालू आहे). नळीचं टोक दंतवैद्यांच्या लाळ ओढायच्या पंपाला. काकांनी सगळं स्वतः जोडलं, आणि पडदा लावून घेतला. बाई बाहेरच्या खोलीत बसल्या, तिथून मोठ्याने वेग आणि उंची सांगायला. मी दोन बाटल्या पाणी प्यायलो आणि आम्ही आकाशात गेलो.

पहिले दोन-तीन तास मजेचे होते. नंतर मला त्या वैमानिक पोराचं सगळं म्हणणं समजलं. मावशी, पट्ट्यांनी आवळलेल्या, शिशाखाली दबलेल्या माणसाला पाणी ही काय चीज आहे ते कळतं. तरी मी धीर करत होतो, कारण पडद्याआड असलो तरी पलीकडे तीन पुरुष श्वास रोखून उभे आहेत हे माहीत असताना काही जमत नाही. बरोबर त्याच वेळी एजंटांच्या डोक्यात आलं की शत्रू दिसला आहे आणि आता वळायला हवं. त्यांनी पडद्याखालून खुर्चीच्या पेडलवर पाय दिला. खुर्ची मागे गेली, आणखी मागे गेली, माझं डोकं खाली आणि पाय सूर्याकडे, आणि तिथेच ती अडकली. कंबरेत कट्‌कन आवाज झाला. मी ओरडलो. दंतवैद्य पेडलशी झटत ओरडत होते, "हलू नका! हलू नका!" काका पडद्यापलीकडून ओरडत होते, "धरून ठेवू नकोस, सोड! घाबरू नकोस, सगळं व्यवस्थित बाहेर येईल!"

बाहेरच्या खोलीत तेवढ्यात गाल सुजलेल्या एक आजीबाई आल्या होत्या. रविवार असला तरी दार उघडं दिसलं म्हणून. बाईंनी त्यांना बसवून घेतलं होतं. आतलं हे ऐकून त्या उठल्या, पदर सावरला, म्हणाल्या की दाढ दुखायची आता अगदी थांबली आहे, आणि जिना उतरून दिसेनाशा झाल्या.

आणि आत, उलटा लटकत असताना, माझी शंका फिटली.

खुर्ची सरळ झाली, पडदा सरला. काका माझ्यावर वाकले. मला वाटलं कंबरेचं विचारतील.

"गळलं?"

"नाही, काका."

"उलटा होतास तेव्हासुद्धा?"

"एक थेंब नाही."

"टोचलं? गार लागलं? उशीर लागला?"

"काका, झकास आहे," मी म्हटलं. "परत पाणी द्या."

काका दंतवैद्यांच्या गोल स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं." एजंटांनी खिडकीकडे तोंड केलं. दंतवैद्यांनी उगाच पंप बंद करून पुन्हा चालू केला.

एवढ्यावर पत्र संपलं असतं, पण बाई आत आल्या. बाहेर बसल्या बसल्या त्यांनी कादंबरीचं पहिलं पान लिहून काढलं होतं (दोन वर्षांनी!), आणि त्यांनी ते उभं राहून वाचलं. "उड्डाणापूर्वी तिने पोटभर पाणी पिऊन घेतलं."

"तिने?" काका म्हणाले.

"तिने," बाई म्हणाल्या. "वैमानिक बाई आहे. पहिल्यापासून. तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

आता धक्का बसण्याची पाळी काकांची होती. ते नळीकडे पाहत राहिले, नरसाळ्याकडे पाहत राहिले, आणि हळूच म्हणाले, "म्हणजे माझी सगळी नोकरी निम्म्याच माणसांना पुरली." त्यावर बाईंनी त्यांना, आम्हा सगळ्यांसमोर, वर्गात सांगावं तसं सांगितलं, की शाळेत बायकांसाठी धड सोय नव्हती, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं सकाळी पाण्याचा घोट न घेता भूमिती शिकवली. शेवटच्या तासाला फळ्यावरचा त्रिकोण डोळ्यांपुढे फिरायचा.  काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्या दिवसापासून आमचं जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात आहे. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. बाई रोज संध्याकाळी येतात, दोघं कोनावरून भांडतात, आणि काल काकांनी गच्चीवरून गेलेल्या विमानाकडे पाहून "हं"च्या ऐवजी "बघू" म्हटलं.

तर असं आहे. ताईला आशीर्वाद, बाळाच्या पायांचा पापा. उठता आलं की स्वतः पोस्टात टाकतो.

तुझा, तूर्त आडवा,
भाचा

ता. क. काकांना लवकर घेऊन जा असं मी लिहावं, अशी हिची सूचना होती. ती ओट्याजवळ उभी राहून मी लिहिलं का ते बघते आहे. मी लिहिलं. आता ती आत गेली. त्यांना आणखी महिनाभर राहू दे.

आणखी ता. क. खरं कारण आता लिहितो, वर धीर झाला नाही. नवीन नळी तयार होत आली आहे आणि चाचणीला बसायला बाईमाणूस हवं आहे. भूमितीच्या बाई म्हणाल्या, मी आराखडा काढीन, बसणार नाही. हिला विचारलं तर तिने नुसतं लाटणं खाली ठेवलं आणि तेवढ्यानेच मी समजलो. मग काका म्हणाले, "हिच्या मावशीला... छे, तुझ्या मावशीला विचार." (इतके घाबरले होते.) मी म्हटलं, काका, तुम्हीच विचारा.  तेव्हा ते म्हणाले, "गाडीने कुठेही जायचं तर तुझी मावशी आदल्या रात्रीपासून पाणी प्यायची नाही. मी विचारलं तर तहान नाही म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं. वैमानिकांच्या चिंतेने मी रात्र रात्र जागलो, आणि ती माझ्या शेजारच्याच सीटवर बसलेली होती." मावशी, मी तुझ्या पाया पडतो (पडलेलाच आहे). रागावायचं तर माझ्यावर रागाव, पण हो म्हण.

शेवटचा ता. क., दुसऱ्या हाताचा. पोराने पत्र वाचायला दिलं. त्याने अक्षर फार गिचमिड काढलं आहे, पण मजकूर बरोबर आहे. खुर्चीत बसायचं की नाही ते तू ठरव. तुला न्यायला मी स्वतः येतो आहे. निघण्याआधी पाणी पी, वाटेतही पी. तू म्हणशील तिथे गाडी थांबवीन.